फलकावरची बहीण, रांगेतली बाई

निवडणुकीच्या दिवसांत एस.टी.च्या खिडकीशी बसून दोन-चार जिल्हे पार केले, तर एकही भाषण न ऐकता बरंचसं राजकारण कळतं. कोणाचा फोटो मोठा, कोणाचा खाली कोपऱ्यात, कुठला रंग, कुठला शब्द, कोणता प्रश्न फलकावर आला आणि कोणता आलाच नाही, हे सगळं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडून ठेवलेलं असतं. २०२४ साली महाराष्ट्रात दोन निवडणुका झाल्या. एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेची आणि २० नोव्हेंबरला विधानसभेची. बचतगटांची शिबिरं, एकल महिलांच्या बैठका, कार्यकर्त्यांची प्रशिक्षणं अशा कामांसाठी त्या वर्षभरात मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि मुंबई अशी फिरती झाली. काम वेगळंच होतं, पण फलक वाचत गेले. त्या वाचनातून जे मनात साचलं ते आपल्या गटांपुढे चर्चेसाठी ठेवते आहे.

स्त्री-चळवळीला फलक वाचण्याची सवय जुनी आहे. ऐंशीच्या दशकात सिनेमाच्या आणि जाहिरातींच्या अश्लील फलकांना बायकांनी डांबर फासलं. त्या वातावरणात १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. तेव्हा आपण विचारत होतो, या चित्रातल्या बाईला काय म्हणून उभं केलंय? हाच प्रश्न निवडणुकीच्या फलकांनाही विचारायला हवा. तिथल्या बाईच्या अंगावर साडी नीट असते, डोक्यावर पदर असतो, हातात राखी असते. म्हणून ते चित्र आपोआप सभ्य ठरत नाही.

राखी ते भाऊबीज

लोकसभेच्या वेळचे फलक बहुतेक पुरुषांचे होते. पक्ष फुटलेले, चिन्हं वाटली गेलेली. त्यामुळे धनुष्यबाण कोणाचा, मशाल कोणाची, घड्याळ कोणाचं आणि तुतारी वाजवणारा माणूस कोणाचा, हे समजावण्यातच निम्मी जागा जात होती. जून संपता संपता चित्र पालटलं. २८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. वार्षिक अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बाईला दरमहा १५०० रुपये, आणि त्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. राखी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. त्याआधीच जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३००० रुपये खात्यांवर पडू लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आचारसंहिता लागण्याच्या आत, भाऊबिजेची ओवाळणी म्हणून आले. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली.

या काळात रस्त्यांवर बहिणीच बहिणी दिसू लागल्या. एका पक्षाने तर गुलाबी रंगच घेतला. नेत्याचं जाकीट गुलाबी, यात्रेची बस गुलाबी, फलक गुलाबी. बायकांचा रंग गुलाबी, हे कोणी ठरवलं कोण जाणे! आमच्या शिबिरात एक शेतमजूर बाई म्हणाली, "माझ्या घरात गुलाबी काय आहे ते सांगा, रेशनकार्डसुद्धा केशरी आहे."

पुढे सरकारमधल्याच पक्षांत योजनेच्या नावावरून कुरबुर झाली. कोणाच्या फलकावरून ‘मुख्यमंत्री’ हा शब्दच गायब व्हायचा, कुठे ‘दादाचा वादा’, कुठे ‘देवाभाऊ’. पैसे राज्याच्या तिजोरीतले, म्हणजे मीठ-साबण घेताना कर भरणाऱ्या बाईचेही; पण ओवाळणी घालणारा भाऊ कोणता, यावर तीन पक्षांची स्पर्धा चाललेली. योजनेच्या नुसत्या प्रसिद्धीसाठी सरकारने सुमारे २०० कोटी रुपये मंजूर केले होते. सरकारी जाहिरातीतून पक्षाचा वा व्यक्तीचा प्रचार होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली बजावलं होतं आणि राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचे फोटो नकोत असंही सांगितलं होतं. २०१६ साली ती अट सैल करून मुख्यमंत्री व मंत्र्यांच्या फोटोंना मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीचा अर्थ आपण २०२४ च्या पावसाळ्यात नाक्यानाक्यावर पाहिला.

ज्या अंगणवाडी सेविकांनी पावसात रांगा लावून घेऊन अर्ज भरले, त्या कुठल्याच फलकावर नव्हत्या. त्यांना अर्जामागे ५० रुपये देऊ असं सांगितलं होतं. याच सेविका डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये मानधनवाढीसाठी ५० दिवसांहून जास्त संपावर होत्या. तेव्हा त्या कोणाच्या लाडक्या नव्हत्या.

जिल्हा बदलला की फलक बदलतो

वरून पाहिलं तर सगळा महाराष्ट्र एकाच छापाच्या फलकांनी भरलेला वाटतो. पण थोडं थांबून वाचलं की फरक दिसतात, आणि ते फरक फार बोलके असतात.

मराठवाड्यात शिरलं की वेशीवरच वेगळे फलक भेटत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगाव ‘पुढाऱ्यांना गावबंदी’ चे बोर्ड लागले होते. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीला १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला, त्यात बायकाही होत्या आणि आंदोलनातही त्या मोठ्या संख्येने होत्या. तरी त्या बोर्डांखाली ‘समस्त गावकरी’ असं लिहिलेलं वाचताना मनात येई, की या ‘समस्त’ मध्ये दलित वस्ती धरली आहे का? ओबीसी घरं धरली आहेत का? बायकांना बैठकीला बोलावलं होतं का? पुढाऱ्यांना जाब विचारणं चांगलंच. पण गावाच्या नावाने बोलण्याचा हक्क कोणाकडे आहे, हेही तो बोर्ड सांगतो.

त्याच रस्त्यांवर नोव्हेंबरात ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर उलट्या दिशेने जाताना दिसत होते. सरकारने गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरवला होता आणि मतदान होतं २० ला. बीड, जालना, परभणीकडची लाखो माणसं ऊस तोडायला निघतात. मतदानाआधी हंगाम सुरू करू नका, अशी त्यांच्या संघटनांची मागणी होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दोन माणसांची मेहनत, मोजदाद एकाची, आणि उचल घेतो नवरा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाच वर्षांनी त्याच जिल्ह्यात ‘लाडक्या बहिणी’ चे फलक ओळीने उभे होते. गर्भाशय वाचवण्याबद्दल, तोडीच्या फडावर दवाखाना, संडास आणि पाळणाघर देण्याबद्दल बोलणारा एकही फलक मला दिसला नाही.

विदर्भात फलकांचा विषय सोयाबीन आणि कापूस. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली भाव चालला होता. दोन्ही बाजूंनी भावाची आश्वासनं दिली जात होती. पण फलकावरचा शेतकरी नेहमीच धोतर-फेट्यातला पुरुष. निंदणी, वेचणी, पेरणीचं काम करणारी बाई आली तरी न्याहारीची टोपली डोक्यावर घेऊन बांधावर उभी. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी दीरांशी आणि तलाठ्याशी झगडणारी बाई फलकावर ‘शेतकरी’ म्हणून कशी येईल? तिला ‘शेतकऱ्याची विधवा’ म्हणूनच ओळखतात.

कोकणात फलक गणपतीतच सुरू झाले. ‘चाकरमान्यांचं हार्दिक स्वागत’. रस्ता मात्र तोच, २०११ पासून रुंदीकरणाचं काम रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष कामासाठी बाहेर. शेती, म्हातारी माणसं, गुरं, ग्रामसभा, सगळं बायका सांभाळतात. आणि स्वागत कोणाचं, तर वर्षातून आठ दिवस येणाऱ्यांचं!

नंदुरबारच्या डोंगराळ भागात आणि गडचिरोलीत आत शिरलं की फलक विरळ होत जातात. जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे फ्लेक्सही संपतो. जे असतात ते प्रमाण मराठीत. आसपासच्या बायका भिली, पावरी, माडिया, गोंडी बोलतात. त्या भाषांत मत मागावं असं फारसं कोणाला वाटत नाही. त्यांनी चिन्ह ओळखलं की झालं.

आणि मुंबई. तिथे फलक आकाशाला भिडलेले. १३ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या प्रचाराच्या धामधुमीतच, घाटकोपरला वादळात महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं मेली. फलक हा नुसता कागद किंवा प्लॅस्टिक नसतो, त्यामागे परवाने, पैसे आणि लोखंड असतं, हे त्या दिवशी दिसलं. विधानसभेच्या वेळी मुंबईत हिंदीतून ‘बटेंगे तो कटेंगे’ चे फलक लागले. नंतर ‘एक हैं तो सेफ हैं’ ची घोषणा आली आणि वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली, तीत वेगवेगळ्या समाजांच्या पगड्या आणि टोप्या मांडलेल्या होत्या. ती जाहिरात आमच्या एका गटात पाहत असताना एका मुलीने विचारलं, "यात आपलं काय आहे?" तिचं बरोबर होतं. समाज म्हणजे पगड्या, आणि पगडी पुरुषाच्या डोक्यावर. ज्या एकजुटीचं चित्र काढताना बाईसाठी एक खूणही सापडत नाही, ती एकजूट कोणाला सुरक्षित ठेवणार? १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या वस्त्यांमधून काम केलेल्या आपल्या मैत्रिणींना ‘कटेंगे’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

वहिनी, सूनबाई आणि सौ.

बाई स्वतः उमेदवार असली की फलक तिचं नातं आधी सांगतो. बारामतीत लोकसभेला दोन बायका समोरासमोर उभ्या होत्या, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. दोघींच्या कामाची तुलना करण्याची संधी होती. प्रत्यक्षात चर्चा झाली ती लेक आणि सून यांची. मूळ पवार कोण आणि बाहेरून आलेल्या पवार कोण, इथपर्यंत ती गेली. सून बाहेरची आणि लेक परक्याची, या दोन्ही म्हणी आपण लहानपणापासून ऐकतो. राजकारणातही त्या तशाच्या तशा चालतात.

ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत महाराष्ट्रात बायकांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. १९९० साली ३० टक्के, १९९३ च्या घटनादुरुस्त्यांनंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून ५० टक्के, असा हा प्रवास आहे. पण या निवडणुकांचे फ्लेक्स पाहा. ‘सौ.’ लावलेलं नाव, पुढे नवऱ्याचं नाव ठळक, आणि तिच्या फोटोइतकाच मोठा किंवा त्याहून मोठा नवऱ्याचा फोटो. मोबाइल नंबरही त्याचाच. निवडून आल्यावर ‘सरपंचपती’ म्हणून तो खुर्चीत बसतो याचं आपल्याला नवल वाटतं. त्याची सुरुवात फ्लेक्सच्या दुकानात मजकूर देतानाच झालेली असते.

विधानसभेत तर राखीव जागाही नाहीत. ३३ टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. म्हणून ‘बहिणीं’ च्या या निवडणुकीत ४,१३६ उमेदवारांपैकी बायका होत्या फक्त ३६३. निवडून आल्या २१. सभागृह २८८ जणांचं आहे. मतदार बायका ४ कोटी ६९ लाखांच्या घरात होत्या आणि त्यांतल्या सुमारे ६५ टक्के रांगेत उभ्या राहिल्या. फलकावर बहीण, रांगेत बाई आणि सभागृहात भाऊ, असा हा हिशोब आहे.

पैशाला नाक मुरडू नये

इथे आपल्याच वर्तुळात ऐकलेल्या एका मताशी मला भांडायचं आहे. निकालानंतर काही पुरोगामी मंडळी म्हणू लागली, की बायका १५०० रुपयांना विकल्या गेल्या. शहरात बसून हे बोलणं सोपं आहे. दिवसाला ५० रुपये म्हणजे काय, हे ज्यांना मोजावं लागत नाही त्यांचं हे बोलणं आहे. आमच्या गटातल्या बायकांनी त्या पैशांतून मुलीची परीक्षा फी भरली, चष्मा केला, सावकाराचं व्याज दिलं. एकीने नवऱ्याला न विचारता माहेरी जाऊन येण्याचं भाडं काढलं. खात्यावर स्वतःच्या नावाने पैसे येणं ही त्यांतल्या कित्येकींसाठी पहिलीच वेळ होती. घरात आणि शेतात बिनमोल राबणाऱ्या बाईला समाजाने काही परत करावं, ही मागणी तर आपलीच आहे.

आक्षेप पैशावर नाही. ते कोणत्या नात्याने दिले जातात, त्यावर आहे. भावाने दिलेली ओवाळणी मोजायची नसते, कमी पडली म्हणून भांडायचं नसतं, आणि भाऊ रागावला तर ती बंदही होते. हक्काच्या पैशाचं तसं नसतं. त्याला कायदा असतो, तारीख असते, दाद मागायला जागा असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरातल्या प्रचारसभेत भाजपचे खासदार धनंजय महाडिक म्हणाले, की योजनेचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभांना जाणाऱ्या बायकांचे फोटो काढून आम्हाला द्या, त्यांची व्यवस्था करू. ओरड झाली, निवडणूक यंत्रणेने नोटीस दिली, त्यांनी माफी मागितली. पण फलकावर न लिहिलेली अट त्या एका वाक्यात वाचायला मिळाली.

विरोधकही वेगळी भाषा बोलत नव्हते. त्यांनी दरमहा ३००० आणि मोफत एस.टी. प्रवासाचं आश्वासन दिलं, योजनेचं नाव ‘महालक्ष्मी’. मध्य प्रदेशात २०२३ साली ‘लाडली बहना’ आली, कर्नाटकात ‘गृहलक्ष्मी’, बंगालमध्ये २०२१ पासून ‘लक्ष्मीर भांडार’. कुठे बहीण, कुठे लक्ष्मी. तामिळनाडूत मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये दरमहा १००० रुपयांची जी योजना सुरू झाली तिच्या नावात ‘उरिमै’ हा शब्द आहे. उरिमै म्हणजे हक्क. नावाच्या सुरुवातीला नेत्याचं नाव तिथेही आहेच, पण ‘महिलांच्या हक्काची रक्कम’ असं म्हणता येतं एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं.

आपल्याकडेही बाईला नात्यापलीकडचं नाव मिळालं होतं. गोरेगावच्या नळाच्या पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटलं आणि १९७७ साली त्या त्याच ओळखीवर लोकसभेत गेल्या. ते नाव तिच्या कामावरून बायकांनी ठेवलं होतं. ‘लाडकी बहीण’ हे नाव सरकारने बायकांना ठेवलं आहे. दोन्हींमधलं अंतर विचार करण्यासारखं आहे.

फलक उतरल्यावर

आचारसंहिता लागली की सरकारी जागेवरचे फलक २४ तासांत, सार्वजनिक जागेवरचे ४८ तासांत आणि खाजगी जागेवरचे बेकायदा फलक ७२ तासांत उतरवावे लागतात. निवडणूक झाली की आश्वासनं याहून लवकर उतरतात. प्रचारात २१०० रुपयांचा शब्द दिला गेला होता. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद आली नाही आणि योजनेची रक्कम ३६ हजार कोटींवर आली. मग छाननी सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे पैसे थांबवले आहेत. त्यांत सुमारे १४ हजार पुरुषही निघाले. खोटे अर्ज काढून टाकायलाच हवेत. पण निवडणुकीआधी घाईने सगळ्यांना ‘बहीण’ म्हणून घ्यायचं आणि निवडणुकीनंतर कागद तपासायचे, हा क्रम कोणाच्या सोयीचा होता हे सांगायला नको.

सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसीची सक्ती आली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं. विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश देण्याची सोय नंतर झाली. पण परित्यक्ता? जिला नवऱ्याने दहा वर्षांपूर्वी टाकलं, कोर्टात जायची ऐपत नाही, वडील वारले, नवरा दुसरी बायको करून परगावी बसला आहे, तिने कोणाचा अंगठा आणायचा? मूळ शासन निर्णयात परित्यक्ता आणि निराधार बाईचा स्पष्ट उल्लेख होता. यंत्राला मात्र तिची ओळख पटत नाही. आमच्या बैठकीला येणाऱ्या एका बाईला ओटीपीसाठी नवऱ्याला फोन करावा लागला. आठ वर्षांनी. तो म्हणाला, "देतो, पण पोटगीची केस मागे घे." पंधराशे रुपयांच्या योजनेने त्याच्या हातात हे हत्यार दिलं.

आणखी एक गोष्ट फलकांनी कधी सांगितली नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि परित्यक्ता बायकांना २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात. ते घेणारी बाई ‘लाडकी बहीण’ होऊ शकत नाही, कारण दुसऱ्या योजनेतून तेवढी रक्कम मिळत असेल तर ती अपात्र. म्हणजे सर्वांत निराधार बाईच्या पदरात नवीन काहीच पडलं नाही. त्यातही निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार आणि लाडक्या बहिणीची अडीच लाख. २१ हजारांचा दाखला मिळवण्यासाठी तलाठी कार्यालयाच्या किती चकरा होतात, हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. तिच्यासाठी राखी नाही, गुलाबी रंग नाही आणि फलकही नाही.

आपल्या गटांनी काय करावं

फलकांवर टीका करून थांबलो तर पुढच्या निवडणुकीला पुन्हा तेच वाचत बसू. म्हणून काही गोष्टी सुचवते.

एक, प्रत्येक गटाने निवडणुकीच्या काळात फलकांची वही ठेवावी. कुठला फलक, कोणाचा, तारीख काय, बाईबद्दल काय लिहिलं, काय देऊ म्हटलं. फोटो काढून ठेवावेत. सहा महिन्यांनी हीच वही घेऊन आमदाराकडे जाता येतं. आश्वासन विसरायला त्यांना वेळ लागत नाही, पण त्यांच्याच फोटोखालचं वाक्य नाकारणं जड जातं.

दोन, कायदा माहीत करून घ्यावा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर व पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. आचारसंहितेचा भंग दिसला तर ‘सी-व्हिजिल’ ॲपवर फोटोसह तक्रार करता येते, तिचा निपटारा १०० मिनिटांत व्हावा असं ठरलेलं आहे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मात्र नाही. बाईला तिकीट देताना ‘तुझी ताकद किती’ असं का विचारतात, त्याचं एक उत्तर इथे आहे.

तीन, पंचायत आणि पालिकांच्या निवडणुकांना उभ्या राहणाऱ्या बायकांबरोबर आधीच बसावं. फ्लेक्सवर तिचं स्वतःचं नाव, तिचा फोटो, तिचा फोन नंबर आणि तिने ठरवलेलं एक काम, एवढं तरी असावं असा आग्रह धरावा. घरच्यांशी हा छोटा वाद जिंकलेली बाई पुढे ग्रामसभेतही बोलते, असा आमचा अनुभव आहे.

चार, परित्यक्ता आणि एकल बायकांची यादी आपण करावी. पती वा वडिलांच्या आधारची अट त्यांना लावू नये, गावच्या सरपंचाचा, अंगणवाडी सेविकेचा किंवा संस्थेचा दाखला चालावा, ही मागणी जिल्हा कार्यालयांत लेखी द्यावी. निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा वाढवण्याची मागणीही त्याच निवेदनात असावी. दोन्ही मागण्या एकाच बाईच्या आहेत.

पाच, आपलेही फलक लावावेत. दारूबंदीच्या मतदानात बायकांनी ‘आडवी बाटली’ ही खूण भिंतीभिंतीवर काढली आहे. तिथे कोणाचा फोटो नसतो, ताई-वहिनी नसते. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद, एवढाच सरळ हिशोब. ज्या बायकांना अक्षरं येत नाहीत त्यांनाही ती खूण कळते, कारण ती त्यांच्याच प्रश्नातून आलेली आहे. मग सातबाऱ्यासाठी, फडावरच्या संडासासाठी, रात्री गावात येणाऱ्या शेवटच्या एस.टी.साठी आपण अशा खुणा का काढू नयेत? ८ मार्च २०२४ रोजी राज्याचं चौथं महिला धोरण जाहीर झालं. त्यातलं एक-एक आश्वासन साध्या मराठीत आणि आपल्या बोलीत लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावलं, तरी वर्षभराचं काम होईल.

मैत्रिणींनो, निवडणुका येत राहतील आणि भाऊही येत राहतील. ते आले की त्यांना पाणी द्यावं, बसायला सांगावं आणि वही उघडावी. सातबारा, पोटगी, दवाखाना, मजुरी, पाळणाघर, एवढ्या पाच गोष्टींवर त्यांच्या सहीनिशी उत्तर घ्यावं. ओवाळणीचं नंतर बघू.